जुळ्यांसाठी रकाना नाही

आमच्या चष्म्याच्या दुकानात पुढे काउंटर आहे, तिथे मी बसते. मागे पडद्याआड एक अरुंद खोली आहे. त्या खोलीत काच घासायचं मशीन आहे, आणि त्या मशीनसमोर गेली बारा वर्षं ती बसते, जिची ही गोष्ट. गिऱ्हाइकाने निवडलेल्या फ्रेमच्या मापाची काच घासायची, कडा गुळगुळीत करायच्या, खाचेत बसवायची आणि काचेचा मध्य बुबुळाच्या बरोबर समोर येतोय ना ते तपासायचं, हे तिचं काम. मध्य जरासा जरी सरकला तरी ती काच बाजूला ठेवते आणि दुसरी घेते.

"अगं, गिऱ्हाइकाला कळणारसुद्धा नाही," मालक कुरकुरतात.

"गिऱ्हाइकाला नाही कळणार, त्याच्या डोक्याला कळेल. संध्याकाळी ठणकायला लागेल."

त्यावरून मालकांनीच तिचं नाव मिलिमीटर पाडलं. आता तिचा नवरासुद्धा दुकानात फोन करतो तेव्हा म्हणतो, "मिलिमीटर आहे का?" मला ती मावशी म्हणते. मी तिच्याहून जेमतेम नऊ वर्षांनी मोठी आहे, पण तो वाद मी केव्हाच सोडून दिला.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मध्ये लोक अडकून बोंबलत असतात आणि हा बाहेर उभा राहून त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत हळूहळू स्क्रू फिरवतो. घरीही तसाच. काहीही सांगा, तो म्हणणार, "बघू." मिलिमीटरच्या मते त्याने लग्नाला होकारसुद्धा असाच दिला असावा.

त्यांना जुळ्या मुली. अकरा मिनिटांनी मोठी ती थोरली, दुसरी धाकटी. मी ज्या वर्षाची गोष्ट सांगतेय त्या वर्षी त्या पाच वर्षांच्या होत्या. थोरली दुकानात शिरली की टकळी सुरू. धाकटी तिच्यामागे अर्धं पाऊल, आणि तोंडातून शब्द नाही. "तुला कुठला रंग आवडतो गं?" असं मी धाकटीला विचारलं की उत्तर थोरली द्यायची: "तिला निळा." धाकटी मान हलवायची. डॉक्टरांना दाखवून झालं होतं. कान ठीक, जीभ ठीक, बुद्धी ठीक. डॉक्टर म्हणाले, बोलेल. कधी, ते त्यांनी सांगितलं नाही.

तर झालं असं, की एका सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिकेचा चष्मा तयार झाला होता आणि त्यांची मान आखडली होती म्हणून मिलिमीटर तो पोचवायला गेली. ही शाळा जुन्या रोपवाटिकेच्या आवारात भरते. लोक तिला बागेची शाळाच म्हणतात. तिथे एक खास वर्ग सरकारने काढलाय, मुलं अर्धा दिवस बाहेर असतात, वर्गाला दोन शिक्षक, आणि फी नाही. मिलिमीटर गेली तेव्हा चार पोरं एका झाडाच्या बुंध्याला दोरी गुंडाळून घेर मोजत होती. दोघांचं माप एक येत होतं, दोघांचं वेगळं. बाई शेजारी उभ्या होत्या, पण खरं माप सांगत नव्हत्या. शेवटी एक चिमुरडी दुसऱ्याला म्हणाली, "तू दोरी ढिली धरलीस." मग सगळ्यांनी पुन्हा मोजलं.

मिलिमीटर दुकानात परत आली ती वेगळीच बाई होऊन. "मावशी, त्यांनी पुन्हा मोजलं! कुणी न सांगता!" हे तिने मला दिवसभरात चार वेळा सांगितलं.

त्या वर्गात जागा चोवीस आणि अर्ज चारशेच्या वर. त्यामुळे सोडत. नशीब लागलं तर लागलं. तिने शिक्षण कार्यालयात जाऊन विचारलं की जुळ्या मुलींचा मिळून एक अर्ज चालेल का. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "एक मूल, एक अर्ज." तिने दोन भरले.

"आणि नाही लागला नंबर तर?" मी विचारलं.

"हे म्हणतात, बघू."

पण ती नुसतं बघत बसणाऱ्यातली नाही. घराजवळ एक खाजगी शाळा आहे, मोठ्या कमानीची. तिथेही तिने अर्ज टाकला. खरं सांगायचं तर शाळा चांगली आहे, मोकळे वर्ग आहेत, शिक्षक ओरडत नाहीत. दोष एवढाच की ती बागेची शाळा नव्हती.

मुलाखतीला दोघींना एकत्र बसवलं. थोरलीने शिक्षिकेला स्वतःचं, बहिणीचं, आईबाबांचं आणि शेजारच्या मांजराचं सगळं सांगून टाकलं. धाकटीला विचारलं, तर तिचंही थोरलीनेच सांगितलं. दोघींना प्रवेश मिळाला. सगळं व्यवस्थित. फक्त कमानीच्या शाळेत दहा तारखेपर्यंत फी भरून प्रवेश पक्का करायचा होता, आणि सोडत होती आठ तारखेला.

"दोन दिवस हातात आहेत," ती म्हणाली. "झकास जमलंय."

सात तारखेला निरोप आला: तांत्रिक कारणामुळे सोडत पुढे ढकलली आहे. नवी तारीख सतरा.

पडद्याआडून मशीन बंद झाल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली, हातात मोबाइल. "तांत्रिक कारण म्हणजे काय हो मावशी? चिठ्ठ्या काढायच्या आहेत. चिठ्ठ्या काढायला काय तंत्र लागतं?"

तिने कमानीच्या शाळेत फोन केला. प्रवेशाचं बघणाऱ्या बाई फार गोड बोलतात. स्पीकरवर मी ऐकत होते.

"एक आठवडा थांबाल का? फक्त एक आठवडा."

"तुमची अडचण समजते हो ताई. पण आमच्याकडे मागे रांग आहे."

"मी भरलं आणि मग तिकडे नंबर लागला, तर भरलेलं परत मिळेल?"

"नाही मिळणार. ते दुसऱ्या पानावर खाली लिहिलंय बघा."

"खाली किती बारीक लिहिलंय!"

"हो, ते बारीकच आहे," बाई गोडपणे म्हणाल्या.

त्या दोन-तीन दिवसांत तिने मला, मालकांना आणि दोन गिऱ्हाइकांना सल्ला विचारला. मालक म्हणाले, भरून टाक. एक गिऱ्हाईक म्हणालं, मुळीच भरू नकोस. नणंदेचा फोन आला. तिच्या मते जुळ्यांना शाळेत घालायची एवढी घाईच कशाला. नवरा म्हणाला, "बघू."

"काय बघू? काय बघायचं शिल्लक आहे? दहा तारीख परवा आहे!"

"म्हणजे दहा तारखेला बघू."

हे तिने मला सांगितलं तेव्हा तिच्या हातात छोटा स्क्रूड्रायव्हर होता, आणि तो ती ज्या पद्धतीने धरून होती ते पाहून मी दोन पावलं मागे सरकले.

दहा तारखेला जेवणाच्या सुट्टीत ती प्रवेशाचा फॉर्म घेऊन काउंटरवर माझ्याशेजारी बसली. त्यात एक जागा रिकामी होती: "तुम्ही आमचीच शाळा का निवडली? किमान शंभर शब्द." त्याखाली सही करायची होती की ही शाळा पालकांची पहिली पसंती आहे.

"मी खोटं लिहू?" ती म्हणाली.

"नको. चांगलं काय आहे ते लिही. ते तर खरंच आहे ना?"

तिने लिहिलं की वर्गांच्या खिडक्या मोठ्या आहेत. मोजले, तर अठरा शब्द. मग लिहिलं की शिक्षक ओरडत नाहीत. मग घरापासूनचं अंतर. पन्नासला अडकली. मी म्हटलं, शिस्त घाल. तिने शिस्त घातली. मालक मागून म्हणाले, मूल्यं घाल, मूल्यं सगळ्यांना आवडतात. तिने मूल्यंही घातली, तरी बावीस शब्द कमी. शेवटी तिने खिडक्यांचं पुन्हा एकदा लिहिलं, या वेळी उजेडाच्या अंगाने. सही करताना पेन कागदात रुतलं. दुपारी जाऊन तिने दोघींचं पूर्ण भरून टाकलं आणि परत येऊन सहा चष्म्यांच्या काचा बसवल्या.

सतराला सोडत. नवरा कुठल्याशा इस्पितळाच्या लिफ्टवर होता, म्हणून सोबत मी गेले. शिक्षण कार्यालयाचा मोठा हॉल, खुर्च्या कमी आणि माणसं जास्त. समोर पडद्यावर संगणकातून आपोआप नंबर येणार होते. पहिले पाच आले, आणि पडदा गोठला. एक माणूस आला, वायर काढली, पुन्हा लावली. मागून कुणीतरी म्हणालं, "आता पुन्हा पहिल्यापासून काढणार का?" तर ज्यांचे नंबर आले होते ते पाच जण एकदम उठून उभे राहिले. पंधरा मिनिटं नुसता गोंधळ. मिलिमीटरच्या मुठीत दोन पावत्या होत्या, घामाने ओल्या झालेल्या.

एकोणिसावा नंबर धाकटीचा आला.

तिने माझा दंड असा धरला की दोन दिवस वळ राहिला. मग आम्ही थोरलीच्या नंबराची वाट पाहिली. विसावा, एकविसावा, बाविसावा. चोवीस संपले. मग प्रतीक्षा यादी सुरू झाली आणि त्यात थोरली नवव्या जागी आली.

खिडकीत तोच कारकून होता. माणूस वाईट नव्हता, फक्त दमलेला होता.

"या दोघी जुळ्या आहेत," मिलिमीटर म्हणाली.

"अर्ज दोन आहेत."

"तुम्हीच दोन भरायला सांगितलेत."

"हो. एक मूल, एक अर्ज."

"पण एकीला घेतलं आणि दुसरीला नाही, हे कसं चालेल? एका पोटातून आल्यात त्या."

"अर्जात जुळ्यांसाठी रकाना नाही ताई. असता तर संगणकाला कळलं असतं."

"भावंडांना प्राधान्य आहे असं तुमच्या नियमात लिहिलंय."

"आहे ना. आधीपासून शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या भावंडाला."

"म्हणजे धाकटी यंदा गेली, तर पुढच्या वर्षी थोरलीला प्राधान्य?"

तो खरंच विचारात पडला. नियमांची वही काढून दोन पानं उलटली. "प्राधान्य मिळेल. पण प्रवेश फक्त पहिल्या लहान वर्गात देतात, आणि पुढच्या वर्षी तुमच्या मोठ्या मुलीचं वय त्या वर्गासाठी जास्त होईल."

"म्हणजे प्राधान्य आहे, पण वापरता येणार नाही."

"असंच म्हणायला लागेल," तो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला. "तीन दिवसांत कळवा. नाहीतर जागा पुढच्याला जाते."

बाहेर पायऱ्यांवर ती बसली. मला वाटलं रडेल. पण ती संतापाने हसायला लागली, आणि हसता हसता तिला ठसका लागला.

त्या तीन दिवसांत घरात काय चाललं ते मला रोजच्या रोज कळत होतं. दोघींना कमानीच्या शाळेतच घालावं, भरलंच आहे, असं एक मन म्हणे. दुसरं मन म्हणे, ज्या जागेसाठी चारशे माणसं ताटकळली ती हातची सोडायची? आणि ती मिळाली कुणाला, तर जी एकटी दुकानात पाणीसुद्धा मागत नाही तिला. थोरलीची लागली असती तर प्रश्नच नव्हता. थोरली कुठेही तरली असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने पुन्हा "बघू" म्हटलं आणि तिचा बांध फुटला. बारा वर्षांचं सगळं बाहेर आलं. तिचं संपल्यावर तो म्हणाला, "मला भीती वाटते म्हणून मी बघू म्हणतो. ती रोज गप्प बसून परत येईल आणि आपल्याला कळणारही नाही." मग म्हणाला, "पण आत्तातरी कुठे कळतंय?"

ती दुकानात आली, मोबाइल काढला आणि माझ्यासमोर कार्यालयाला फोन करून धाकटीची जागा पक्की केली.

"ठरवलंस तर," मी म्हटलं.

"शहाणपणाने नाही ठरवलं मावशी. चिडून ठरवलं. त्या रकान्याचा राग आला मला."

शाळा सुरू झाल्या. दोन्ही शाळा एकाच वेळी भरतात आणि शहराच्या दोन टोकांना आहेत, हे सांगायला नकोच. धाकटीला बाबा सोडणार, थोरलीला आई. पहिल्या दिवशी धाकटी बागेच्या फाटकातून मागे न बघता आत गेली. गोंधळ घातला थोरलीने. कमानीखाली जमिनीवर बसली, बुटाच्या नाड्या सोडल्या आणि जी रडली की शेवटी त्या गोड आवाजाच्या बाई बाहेर आल्या आणि तिच्याबरोबर फरशीवर बसल्या. मिलिमीटर दुकानात दीड तास उशिरा आली. आल्या आल्या म्हणाली, "जिची काळजी केली तिचं काहीच झालं नाही. मूर्ख आहे मी." आणि पडद्याआड निघून गेली.

थोरलीचं रडणं आठवडाभर चाललं. तिला बोलायला हजार गोष्टी होत्या, पण ज्या बहिणीच्या वतीने बोलायचं तीच शेजारी नव्हती. मग एक दिवस कळलं की वर्गाबाहेरची घंटा वाजवायचं काम तिला दिलंय. त्या दिवसापासून ती आईच्या आधी तयार होऊन दारात उभी राहायला लागली.

धाकटी घरी तशीच गप्प होती. पंधरा दिवस गेले, वीस गेले. मिलिमीटर रोज विचारायची, "काय केलंस आज?" उत्तर नाही. बागेतल्या बाई म्हणाल्या, थांबा. डॉक्टरही तेच म्हणाले होते. ही माझ्याकडे येऊन म्हणायची, "सगळे थांबा म्हणतात. थांबायचा पगार मिळत असता तर मी हे मशीन सोडून दिलं असतं."

एका शनिवारी दोघी दुकानात आल्या. थोरली मालकांना घंटेचं सांगत होती. मी चष्म्यांचे डबे लावत होते. काउंटरच्या कडेवर दोन छोटे तळवे आले, मातीने भरलेली नखं, आणि त्यामागून आवाज आला, थोडा घोगरा, न वापरलेला: "मावशी, तुमच्याकडे गांडुळं आहेत का?"

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. मी म्हटलं, "नाही गं बाई. चष्म्याच्या दुकानात कशी असतील?"

"आमच्याकडे आहेत. सदतीस. मी मोजली. एकजण अडतीस म्हणाला, पण त्याने एक गांडूळ दोनदा मोजलं."

पडद्याआडचं मशीन थांबलं होतं. मिलिमीटर बाहेर आली नाही. नंतर मी आत डोकावले, तर ती पाठ करून बसली होती आणि चष्मा पुसायच्या कापडाने डोळे पुसत होती. मला म्हणाली, "काही नाही, काचेचा कण गेला."

गोष्ट इथे संपती तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या महिन्यात कार्यालयातून फोन आला. बागेच्या वर्गातल्या एका कुटुंबाने गाव सोडलं होतं आणि यादीतल्या आधीच्या आठ जणांनी एव्हाना आपापली सोय लावली होती. थोरलीला जागा होती. उद्या दुपारपर्यंत कळवा.

मिलिमीटरला आकाश ठेंगणं झालं. एकाच शाळेत दोघी, एकच फेरी, एकच डबा भरायची वेळ! ती त्या दिवशी लवकर घरी गेली आणि दोघींना समोर बसवून सांगितलं. पुढचं मला दुसऱ्या दिवशी कळलं.

थोरली म्हणाली, "मी नाही जाणार. मग घंटा कोण वाजवेल?"

आईने समजावलं की तिथे झाडं आहेत, मातीत खेळता येतं, आणि बहीण आहे. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "ती नको."

"का गं? तुझी ताई आहे ना?"

"ती आली की माझं सगळं तीच सांगेल."

थोरलीला राग यायला हवा होता. ती म्हणाली, "हो, मी सांगीन," आणि दोघी परत खेळायला गेल्या.

"आणि मला कोण विचारणार?" मिलिमीटर मला सांगत होती, दोन्ही हात हवेत. "मी अर्ज भरले, मी खोटं लिहिलं, मी त्या हॉलमध्ये उभी राहिले, मी रोज सकाळी शाळेत सोडून धावत दुकान गाठते. आणि आता जागा चालून आली, तर पाच वर्षांच्या दोन पोरी मला नाही म्हणतात!"

"मग काय करणार?"

"काय करणार म्हणजे? खरं बोलल्या त्या. दोघीही."

तिने माझ्यासमोरच कार्यालयाला कळवलं. त्या दमलेल्या कारकुनाला वाटलं त्याने चुकीचं ऐकलं. "नको म्हणता? नक्की? मग पुन्हा मिळणार नाही ताई."

"मुलींनी ठरवलंय," ती म्हणाली. "माझं फक्त नाव आहे अर्जावर."

आता दुसरं वर्ष चालू आहे. धाकटी बोलते, आणि बोलते ती मोजून. थोरलीला आता मध्ये थांबावं लागतं, ते तिला जड जातं. मिलिमीटर अजून रोज चिडलेली येते. दोन शाळा, दोन वह्यांचे रंग, दोन प्रकारच्या सुट्ट्या, एकीची सहल तर दुसरीची परीक्षा. मागच्या महिन्यात तर दोन्ही शाळांची स्नेहसंमेलनं एकाच दिवशी, एकाच वेळी आली. तिने नवऱ्याला कमानीच्या शाळेत पाठवलं आणि स्वतः बागेत गेली. संध्याकाळी घरी आल्यावर थोरली रुसली होती की आई का नाही आली, आणि धाकटी रुसली होती की बाबा का नाही आले.

"मी नवऱ्याला विचारलं, आता पुढच्या वर्षी काय करायचं," ती मला सांगत होती, काच उजेडासमोर धरून मध्य तपासत. "तो काय म्हणाला असेल, सांगा."

मी सांगायच्या आतच तिला हसू फुटलं, आणि मग लगेच ती चिडली, कारण हसताना काच हातातून निसटून तिची कड उडाली होती.